फेसनळी आणि दोन बरण्या

२१ सप्टेंबर १९८३

आज सरायनं, आमच्या विभागप्रमुखांनी, दोन काचेच्या बरण्या धुऊन माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. लेबलं लावून. ‘क्लाउन मासा, सागरी, नमुना १, नर (मोठा)’. ‘नमुना २, मादी (लहान)’. तारखेची जागा तेवढी कोरी. अन् दोन्ही मासे समोरच्या टाकीत मजेत फिरून राहिले.

म्हटलं, सर, हे जिवंत आहेत.

“आज आहेत. नागपूरला समुद्र जगत नसतो, बाई. प्रदर्शनापुरते आणले होते, झालं प्रदर्शन. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती येतेय. तेव्हा संग्रहालयात नमुने दिसले पाहिजेत.”

सहा आले होते मुंबईहून, गार्डच्या डब्यातून. सोबत समुद्राचं पाणी पाच कॅन. चार मेले. हे दोन उरले, संत्र्याच्या रंगाचे, पांढरे पट्टेवाले.

चौदा वर्षं झाली मले डेमॉन्स्ट्रेटर होऊन. बेडूक कापून देते, बरण्या पुसते, फॉर्मलीन भरते. पण जिवंत माशापुढे त्याचीच बरणी मांडून ठेवलेली पहिल्यांदा पाहिली. दुखणाईताच्या खाटेखाली तिरडीचे बांबू आणून ठेवावे, तसं. अन् लेबलही चूक. या जातीत मोठी ती मादी असते, मागे एका मासिकात वाचलं होतं. सरायले सांगितलं तं म्हणे, मासिकात काहीही छापतात.

२२ सप्टें.

विचारलं, जगवून दाखवले तं?

चष्मा वर करून पाहिलं माझ्याकडे. “दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत बघा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी टाकी रिकामी. जे असेल ते बरणीत.”

चालेल म्हणाली मी. चालेल म्हणाली खरी, पण कसं, ते देवाले माहीत. पाणी पिवळं पडून राहिलं, वासही मारते. बदलायचं म्हटलं तं समुद्र काय अंबाझरी तलावात आहे?

२४ सप्टें.

लायब्ररीत परदेशी मासिकांचा एक गठ्ठा आहे, कोणीतरी दान दिलेला. त्याची सुतळीसुद्धा कोणी सोडली नव्हती. मी सोडली. तिसऱ्या अंकात चित्र सापडलं. प्रोटीन स्किमर.

उभी नळी. खालून एकदम बारीक बुडबुडे सोडायचे. माशाची घाण, उरलेलं खाणं, पाण्यात विरघळलेलं जे काही सडणार असते ते त्या बुडबुड्याले चिकटून वर येते. फेस होते. फेस मानेतून चढून वरच्या वाटीत सांडते. सडायच्या आधीच बाहेर. म्हणजे आहे तेच पाणी टिकते.

घरी आईले चित्र दाखवलं. डाळ निवडून राहिली होती. म्हणे, “यात नवीन काय आहे वं? डाळीले उकळी आली की वरचा फेस काढतोच ना आपण. नाही काढला तं वरणाले वास येते.”

मासिकवाल्यानं हेच सांगायले चार पानं खर्चली.

नाव ठेवलं फेसनळी. इथून पुढे फे.न.

२८ सप्टें.

गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत काच फुंकणाऱ्या चाचाकडे गेली. आमच्या लॅबच्या ब्युरेट, कंडेन्सर, सगळं त्याच्याच फुंकणीतून आलेलं. साठी उलटली, गाल अजून तसेच फुगतात. चित्र उलटंपालटं करून पाहिलं त्यानं.

“मैडम, ये तो हुक्का है। पीना किसको है?”

माशाले, म्हटलं.

“शौकीन मछली है।” पण नळी किती रुंद, भोकं कुठं, मान किती, सगळं नीट विचारून घेतलं. सरायनं एवढं कधी विचारलं नाही.

५ ऑक्टो.

नळी आली. हातभर उंच, तळाशी भोकं, वर मान, मानेवर वाटी. टाकीत उभी केली, पंप लावला. बुडबुडे बोराएवढे. फेस दोन बोटं चढून बसला. मान रुंद झाली, तिच्यात उभं राहायले त्याले आधारच नाही.

सर जाता जाता थांबले. “सोडावॉटर काढताय का?” अन् हसले स्वतःच. मी नाही हसली.

८ ऑक्टो.

चाचानं मान तापवून आवळून दिली. “गर्दन तंग होगी तभी ऊपर चढेगा।” मान जमली. आता बुडबुडे. माशांच्या दुकानात मिळते तो हवेचा दगड जाडे बुडबुडे सोडते. मासिकवाला म्हणते लाकडाचा तुकडा लावा, लाकडाच्या छिद्रांतून धुरासारखे बारीक निघतात. कोणतं लाकूड, ते त्याच्या देशातलं. आपल्याकडे त्याचं झाडच नाही.

९ ऑक्टो.

आई म्हणे कडुनिंब घे. बरोबरच वाटलं. तांदळाच्या डब्यात निंब, लोकरीच्या कपड्यात निंब, गोवर आला तरी उशाशी निंब. शुद्ध करायचं म्हटलं की आपला हात दुसऱ्या झाडाकडे जातच नाही. दातणाएवढी ओली काडी कापली, नळीत बसवली. बुडबुडे मस्त बारीक निघाले. खूष झाली मी.

१२ ऑक्टो.

फेस नाही. बुडबुडे आहेत, वर येतात अन् फुटून जातात. तीन दिवस वाट पाहिली. वाटलं, लाकूड मुरायचं आहे. हवा वाढवली. आणखी एक निंबाची काडी लावली.

ल. (लहाना) सकाळपासून वरच तोंड करून आहे. मो. (मोठी) त्याच्याभोवती फिरून राहिली.

१३ ऑक्टो.

लहाना मेला.

मी पोचायच्या आधी सरायनं जाळीनं काढलाही. बरणी नं. २. लेबलावरच्या कोऱ्या जागेत तारीख टाकली, अक्षर किती सुंदर त्यांचं. ‘मादी’ तसंच ठेवलं. नर होता तो.

“वाईट वाटून घेऊ नका. निसर्ग आहे.”

निसर्गानं काय केलं यात? निसर्गानं त्याले समुद्रात ठेवलं होतं. गार्डच्या डब्यात तुम्ही ठेवलं.

हे बोलली नाही. स्टोअरमध्ये जाऊन रडली. मग नाक पुसून तिथंच बसली, सरायच्या जुन्या वेताच्या खुर्चीवर. एक पाय मोडला म्हणून दोन वर्षांपासून पडून आहे, पण फेकू देत नाहीत.

१४ ऑक्टो.

वेत.

शाळेत गुरुजींची वेताची छडी मोडली की आम्ही पोरी तिचा तुकडा पळवायचो. एका टोकानं फुंकलं की दुसऱ्या टोकानं पाण्यात बुडबुडे. वेत आरपार पोकळ असते, केसाएवढ्या नळ्यांनी. हे मले आठ वर्षांची असताना माहीत होतं. एम.एस्सी. झाली अन् विसरली.

आरी घेतली. खुर्चीच्या मोडक्या पायातून दोन बोटं वेत कापला. चोरी आहे, मान्य. उकळून काढला, फुंकून पाहिला. त्या निंबाच्या काड्या काढून फेकल्या, नळी तीनदा धुतली.

१५ ऑक्टो.

चढला. दुपारी पावणेतीन वाजता फेस मानेत आला. आधी पांढरा, मग मळकट, अन् चारच्या सुमारास पहिला थेंब वाटीत पडला. चहाच्या रंगाचा. वास असा की शिपाई खिडकी उघडून बाहेरच गेला.

एवढी घाण पाहत उभी होती मी. लहाना हेच पिऊन राहिला होता.

२१ ऑक्टो.

वाटी रोज अर्धी भरते. पाण्याचा पिवळेपणा उतरला. मो. खाते, भांडते, माझं बोट दिसलं की अंगावर धावून येते. चांगलं आहे. असंच पाहिजे.

सर रोज येतात, वाटीकडे पाहतात, निघून जातात. बरणी नं. १ अजून टेबलावर. मी तिच्यात पेन्सिली ठेवायले सुरुवात केली.

२८ ऑक्टो.

उद्यापासून सुट्टी. सर म्हणाले सुट्टीत मेन स्विच बंद राहील, नियम आहे. म्हणजे पंप बंद. म्हटलं, सर, दोन दिवसांत मरेल ती.

“मग नमुना आधीच घेऊन ठेवू या का?”

टाकी घरी नेते म्हटलं. ते लेखी परवानगीचं बोलू लागले. मी कागद घेतला, ‘टाकी, पाणी व मासा सुट्टीपुरता घरी नेत आहे’ असं लिहून सही केली, त्यांच्या टेबलावर ठेवला अन् सायकलरिक्षा बोलावली. निम्मं पाणी कॅनमध्ये, निम्मं टाकीत, टाकी माझ्या मांडीवर. रामदासपेठेपासून घरापर्यंत लोक पाहत होते. पाहू दे. बरणी नं. १ पण आणली, पेन्सिलीसकट.

आई म्हणे, “दिवाळीले पाहुणी आणली.” बैठकीतलं टेबल स्वतः पुसून दिलं.

नरकचतुर्दशी

आईनं पहाटेच उठवलं. चाळीशी आली तरी दरवर्षी तीच चोळते मले, तेल आणि उटणं, खांद्यापासून बोटांपर्यंत. “हाडं आहेत का काड्या वं तुझ्या.” आंघोळ केली, फराळ केला. मग पाहिलं तं नळी थोडी कलली होती. हात घातला टाकीत, खांद्यापर्यंत, नीट उभी केली, खालची वाळू सारखी केली. सणाच्या दिवशी तिले पण स्वच्छ.

अर्ध्या तासानं फेस खाली बसला. एकदम. कोणी बटण बंद केल्यासारखा.

पंप पाहिला, चालू. वेत पाहिला, फुंकला, ठीक. नळी काढून धुतली, परत लावली. पुन्हा हात घातला. पुन्हा काही नाही. दुपारी तिसऱ्यांदा उलगडली सगळी. बुडबुडे वर येतात अन् फुटतात, अगदी निंबाच्या वेळेसारखे. चिवडा तसाच पडून राहिला ताटलीत.

हरली का मी? नाही.

लक्ष्मीपूजन

मो. वर तोंड करून आहे. लहान्यासारखीच. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग आहे, काल दिसला नव्हता, का मी पाहिला नव्हता.

आईवर चिडली, कारण काही नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. म्हणे, “केस तेलकटच राहिले तुझे, ये, पुन्हा शिकेकाई लावून देते, पूजेले अशी बसशील का?” मोरीत बसवलं. शिकेकाई चोळू लागली. मी म्हटलं फेस होऊन नाही राहिला, आणखी घाल.

“पहिल्या हाताले नाहीच होत. तेल फेसाले खाते. दुसऱ्या हाताले येईल.”

मी तशीच उठली. डोक्यात शिकेकाई, डोळ्यात शिकेकाई. आई मागून ओरडते, अवं पूस तरी.

तेल. माझ्या हाताचं. खांद्यापर्यंत बुडवला होता मी, एकदा नाही, चारदा, दुरुस्तीच्या नावानं.

घरात टीपकागद होता, कॉलेजचा. पाण्यावर अलगद पसरायचा, तवंग चिकटला की उचलायचा. तेरा कागद झाले. मग वर्तमानपत्र. आईनं हात सोड्यानं धुतले, मले पण धुवायले लावले, अन् दोघी टाकीच्या दोन बाजूंनी बसलो कागद उचलत. लक्ष्मीपूजन उशिरा झालं. लक्ष्मीले सांगितलं, थांब जरा.

पाडवा

फेस नाही. मो. तशीच. पण मेली नाही.

आज लिहायचं टाळून राहिली होती, लिहूनच टाकते. निंब. निंबात पण तेल असते. त्या ओल्या काड्यांनीच फेस मारला असेल. तीन दिवस मी पाहत बसली, अन् वर आणखी एक काडी लावली. लहान्याले निसर्गानं नाही, सरायनं नाही, मी मारलं. शुद्ध करायले गेली होती.

आईले सांगितलं. ती म्हणे निंब मी सुचवला. म्हटलं, लावला मी.

भाऊबीज

पहाटे वाटीत थेंब होता. आईनं पाहिला आधी. हाक मारली, “नलू, ये वं, तुझं वरण उकळलं.”

दहा वाजेपर्यंत मान भरली. मो. खाली उतरली. दुपारी बोटावर धावून आली.

१३ नोव्हें.

उद्या कॉलेज. वाटीतलं आठ दिवसांचं पाणी मी फेकलं नाही, बरणी नं. १ मध्ये जमवलं. पेन्सिली काढल्या. काठोकाठ नाही, पण भरली. काळपट, घट्ट. झाकण घट्ट लावलं तरी आई म्हणे ही बरणी घरातून कधी जाणार?

१४ नोव्हें.

अकरा वाजता सरायच्या टेबलावर ठेवली. तीन प्राध्यापक बसले होते चहा पीत.

“हे काय?”

नमुना १, म्हटलं. तारीख टाकायची राहिली होती, मी टाकली.

त्यांनी झाकण उघडलं. कोणीही उघडू नये म्हणून सांगणार होती मी. नाही सांगितलं. चहा तसाच राहिला सगळ्यांचा.

म्हटलं, सर, ही घाण बाहेर आली म्हणून ती टाकीत आहे. ती म्हणजे मोठी. मादी. घरी आहे, जिवंत. लेबलावर ‘नर’ खोडून दिलं मी.

सरायनं रुमाल नाकाले लावला. मग वेगळ्याच आवाजात, “खरंच जिवंत आहे?”

हो.

“म्हणजे समितीला दाखवता येईल.”

मले वाटलं जिंकली. दोन मिनिटं वाटलं.

१५ नोव्हें.

सकाळी शिपायानं मेमो आणून दिला. ‘महाविद्यालयाच्या मालकीची टाकी, मासा व त्यासोबतचे उपकरण समितीच्या भेटीसाठी दि. १६ रोजी सकाळी अकरापूर्वी विभागात जमा करावे.’ सोबत समितीसाठीच्या अहवालाची टाइप केलेली प्रत, चुकून आली का मुद्दाम, कोण जाणे. त्यात फे.न. आहे. ‘विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली विभागाने विकसित केलेले.’

गेली खोलीत. विचारलं, माझं नाव?

“यादी लांबते, बाई. अन् डेमॉन्स्ट्रेटरचं नाव अहवालात घालायची पद्धत नाही.”

टाकी कॉलेजची, खरं. मासा कॉलेजचा. पाणी कॉलेजचं. वेतसुद्धा त्यांच्याच खुर्चीचा, ते त्यांना अजून माहीत नाही. नळी माझी. चाचाले पैसे मी दिले. नाही देत नळी, काय कराल? पण नळी काढली तं परवापर्यंत पाणी पिवळं पडेल. हे सरायले माहीत नाही. मले माहीत आहे, हीच पंचाईत.

दुपारी अर्धी रजा टाकली. घरी येऊन नळी काढली, टाकीत नुसता दगड सोडला, अन् गांधीबाग गाठली. आपल्या घरात वाटी, चमचा, डबा, काहीही नाव घातल्याशिवाय राहत नाही. लग्नाच्या पंगतीत गेलेलं पातेलंसुद्धा नावानं परत येते. मग हिलेच काहून बिननावाची पाठवावी?

चाचाले म्हटलं, नाव घाल. तो म्हणे ब्युरेटवर आकडे घालतो मी, मराठी अक्षर कधी नाही घातलं. मी कागदावर मोठं लिहून दिलं. त्यानं हिऱ्याच्या कलमानं कोरलं, मानेच्या खाली, ओळीखाली ओळ. नाव, आडनाव, ‘हिने बनवली’, अन् साल. ‘ब’ जरा वाकडा आला. काच उजेडात धरून म्हणे, “मैडम, दिखता तो कुछ नहीं।”

खरंच नव्हतं दिसत. काचेवर काच. तोंड उतरलं माझं.

घरी आणून धुतली. आधी हात धुतले, दोनदा, सोड्यानं. नळी उभी केली. चार वाजता फेस चढायले लागला. नळीत पांढरं भरत आलं तशी खालून एकेक ओळ उठून दिसू लागली. ‘ब’ वाकडा, पण वाचता येते. पंप जरा बंद करून पाहिला, फेस उतरला, काच कोरी. पुन्हा लावला, पुन्हा नाव.

म्हणजे ती चालत असेल तं माझं नाव दिसेल. नाव दिसू नये असं वाटलं तं बंद करावी लागेल, समितीसमोर.

उद्या अकराच्या आधी नेईन. तिथं मेन स्विच आहे, सर आहेत, काय करतील सांगता येत नाही. मी टाकीजवळच बसणार आहे, तास असो नसो.

आई टाकीसमोर बसली आहे, दोन्ही हात पदरात घेऊन. म्हणे, “हात नाही लावून राहिली वं मी. वाचून राहिली.” मग तिनंच विचारलं, उद्या डबा किती पोळ्यांचा देऊ?

म्हटलं, संध्याकाळपर्यंतचा दे.